विद्यापीठ नाशकात, मग मुलगी धुळ्याला कशाला?

प्रश्न : आम्ही पेठ तालुक्यातले, कोकणा समाजाचे. माझी भाची आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, अकरावी-बारावी नाशकात राहून केली. यंदा नीटमध्ये तिला डॉक्टरकीला लागतील एवढे गुण पडलेत असं सगळे म्हणतात. घरात मात्र दोन तट पडलेत. तिच्या थोरल्या काकांचं म्हणणं, लोणीच्या प्रवरा विद्यापीठात घाला. त्यांचं स्वतःचं विद्यापीठ आहे, इमारती बघण्यासारख्या आहेत, पैसे कमी पडले तर जमीन गहाण टाकू. मी म्हणतो, आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकात म्हसरूळला असताना लांब कशाला जायचं? फॉर्म भरून देणारा पोरगा सांगतो, धुळ्याचं सरकारी कॉलेज लागेल. पण आम्हाला धुळं नको, विद्यापीठ पाहिजे. दोन्हींत मोठं विद्यापीठ कोणतं? कुठल्या पदवीला जास्त किंमत? आणि मराठी माध्यमातल्या मुलीला हे झेपेल का? नाव छापू नये.
— एक मामा, पेठ (जि. नाशिक)

उत्तर : मामा, पत्रातल्या एकाच वाक्यापाशी आधी थांबू या. ‘धुळं नको, विद्यापीठ पाहिजे.’ अहो, धुळ्याचं कॉलेज तुमच्या म्हसरूळच्या विद्यापीठाचंच आहे. पुण्याचं बी. जे., मुंबईचं ग्रँट, के.ई.एम., नायर, सायन, नागपूरचं मेडिकल, मिरज, नंदुरबार ही सगळीही त्याच विद्यापीठाची. तुमची भाची यांतल्या कुठेही शिकली तरी तिच्या पदवीवर नाव येणार महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, आणि ते कुठलं तर नाशिकचं.

हे विद्यापीठ १९९८ च्या कायद्याने आलं, त्याच वर्षी १० जूनला. त्याआधी जो तो आपापल्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेला असायचा, बी. जे. पुणे विद्यापीठाला, ग्रँट मुंबई विद्यापीठाला. सरकारने वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग असं सगळं वेगळं काढून एका छपराखाली आणलं. आज चारशेच्या वर कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. विद्यापीठाचं काम काय? अभ्यासक्रम लावणं, पेपर काढणं, परीक्षक नेमणं, निकाल लावणं, पदवी देणं. पंचवटीतून एक रस्ता पेठकडे फुटतो, दुसरा दिंडोरीकडे. त्या दिंडोरी रोडवर म्हसरूळला तुम्ही गेलात तर परीक्षा विभाग दिसेल, कागद घेऊन खिडकीपुढे उभी असलेली पोरं दिसतील, पण स्टेथोस्कोप अडकवून वॉर्डातून फिरणारं कोणी तिथं भेटायचं नाही. मुलगी शिकणार ती कॉलेजात आणि त्याहून जास्त कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात.

लोणीचं प्रकरण वेगळं. ते अभिमत विद्यापीठ, म्हणजे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली ज्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला ती. तिथं कॉलेज आणि विद्यापीठ एकच. परीक्षा तेच घेणार, पदवीही तेच देणार. विठ्ठलराव विखे पाटलांनी जिथे सहकारी साखर कारखाना उभा केला त्याच प्रवरा परिसरात १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि २००३ मध्ये संस्थेला अभिमत दर्जा मिळाला. काकांनी इमारती पाहिल्या त्या खऱ्या आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असावी, ती अशी की लोणीच्या रुग्णालयात खेड्यापाड्यातले पेशंट खरोखर येतात. सगळ्याच अभिमत विद्यापीठांबद्दल असं म्हणता येत नाही. तेव्हा लोणी नको असं मी म्हणालो, तर त्याचं कारण शिक्षण वाईट हे नसेल. कारण दुसरं आहे, त्याकडे येतोच.

आता मोठं विद्यापीठ कोणतं? डॉक्टरकीत या प्रश्नाला फारसं बळ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं १८४५ मध्ये. मुंबई विद्यापीठ आलं १८५७ मध्ये. म्हणजे बारा वर्षं तिथे डॉक्टर घडत होते आणि विद्यापीठाचा पत्ता नव्हता. पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड १८५१ मध्ये बाहेर पडले ते ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’ म्हणून. नावापुढे कॉलेजचीच चार अक्षरं लागायची, जी.जी.एम.सी. शेजारी जे. जे. रुग्णालय होतं, त्यात पेशंट होते, शिकवणारे होते, तेवढ्यावर भागलं. पुढे मुंबई विद्यापीठ आलं, मग ते जाऊन आरोग्य विद्यापीठ आलं, जे. जे. तिथंच राहिलं.

पदवीची किंमत म्हणाल तर कायद्याच्या नजरेत दोन्हींची सारखी. दोन्ही एम.बी.बी.एस., दोन्हींची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, दोघांनाही पुढे एम.डी., एम.एस. करायचं तर तीच नीट-पीजी. करंजाळीच्या बाजारात दवाखान्याच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव वाचून आत जाणारा पेशंट मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून मामा, विद्यापीठ बाजूला ठेवा आणि रुग्णालय निवडा. आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण यावर घरात कोणी बोलत नाही. सगळे कट-ऑफवर बोलतात.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे पन्नास जागांच्या कॉलेजला २२० खाटांचं रुग्णालय लागतं, शंभर जागांना ४२०, दीडशेला ६०५, दोनशेला ८००, अडीचशेला ९००. शिवाय त्या खाटा वर्षभरात सरासरी ८० टक्के भरलेल्या हव्यात. हे कागदावर. काही कॉलेजांत तपासणी पथक यायच्या दिवशी वॉर्ड कसे भरतात याचे किस्से डॉक्टर मंडळी एकमेकांना सांगून हसत असतात. सरकारी रुग्णालयात तक्रार नेमकी उलटी. खाटा भरून पेशंट जमिनीवर गादी टाकून असतो. पेशंटच्या दृष्टीने ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शिकणाऱ्याच्या हाताला मात्र त्यामुळे काम मिळतं.

वॉर्डातली एक सकाळ सांगतो म्हणजे लक्षात येईल. बालरोगाच्या वॉर्डात बारा-पंधरा विद्यार्थी एका कॉटभोवती. कॉटवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा, तुमच्या-आमच्या भागातलाच समजा. निवासी डॉक्टर सांगतो, प्लीहा बघा. सुरुवात पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून करायची, बोटं सपाट ठेवायची, टोचायची नाहीत, आणि तिरकं वर डाव्या बरगडीकडे सरकायचं. मुलाला म्हणायचं, श्वास घे. श्वास आत गेला की प्लीहेची कड खाली येऊन बोटांना हलकेच लागते. लागली नाही तर मुलाला थोडं उजव्या कुशीवर वळवायचं, डावा हात पाठीमागून बरगडीखाली द्यायचा आणि पुन्हा श्वास घ्यायला सांगायचं. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. बोटांना ते कळायला पाच-दहा पोटं लागतात, आणि कधी नुसतीच मोठी झालेली प्लीहा, कधी तिच्याबरोबर वाढलेलं यकृत, असा फरक कळायला आणखी कितीतरी. ज्या रुग्णालयात अशी पोटं रोज येतात तिथली मुलगी तिसऱ्या वर्षी जे सहज करते, ते रिकाम्या रुग्णालयातली मुलगी इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा करून बघते. बाळंतपणांचंही तसंच. लेबर रूममध्ये स्वतःच्या हाताने किती केली, हा आकडा इंटर्नला तोंडपाठ असतो.

तेव्हा इमारत बघायला जायचं असेल तर रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळी नवाच्या सुमारास जा. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग बघा. अपघात विभागाबाहेर दहा मिनिटं उभे राहा. आणि गेटवर गोड बोलणाऱ्या माणसाऐवजी चहाच्या टपरीवर दोन इंटर्न पोरांना गाठून विचारा : टाके घालायला मिळतात का, की फाइलीच लिहून घेतात? वसतिगृहात खोली पहिल्या वर्षी मिळते का? रॅगिंगचं काय? मेसला पाणी बरं आहे का? मुलींच्या वसतिगृहाचा दरवाजा किती वाजता बंद होतो आणि रात्री कॉल आला तर वॉर्डापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का? हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय.

आता पैसा. मी लोणीवर का अडखळलो ते इथे.

अभिमत विद्यापीठांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होत नाहीत. ते दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून होतात. फॉर्म भरतानाच दोन लाख रुपये अनामत द्यावी लागते. ती नियमात राहिलात तर परत मिळते, हे खरं, पण आधी ती हातात असावी लागते. आणि मुख्य गोष्ट, खासगी अभिमत विद्यापीठांत अनुसूचित जमातीचं आरक्षण लागू नाही. तिथं तुमची भाची सर्वसाधारण यादीत उभी राहणार, आणि वार्षिक फी महाराष्ट्रातल्या अशा विद्यापीठांत साधारण वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर. साडेचार वर्षांचा हिशेब मामा तुम्हीच करा. वसतिगृह, मेस वेगळं.

काका जमीन गहाण टाकायची म्हणतात. कोणती जमीन? वनपट्ट्याची असेल तर तो विषयच संपला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, पण तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, विकता येत नाही. मालकीची असेल तर आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचं कलम ३६ आडवं येतं, आणि ते तुमच्या भल्यासाठीच आहे. बँकेचा मार्ग कायद्याने मोकळा असला तरी नागलीच्या आणि भाताच्या उत्पन्नावर कोणती बँक एवढं कर्ज देईल, हे सांगायला मी कशाला हवा.

याउलट राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत अनुसूचित जमातीला सात टक्के जागा आहेत. सरकारी जागांपैकी ज्या पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात तिथं साडेसात टक्के. सरकारी कॉलेजची फी आधीच त्या मानाने कमी, त्यात पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवरून भारत सरकारची शिष्यवृत्ती, आणि त्याहून जास्त असेल तरी आदिवासी विकास विभागाची शिक्षण व परीक्षा शुल्काची योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी थेट मुलीच्या खात्यावर पैसे येतात. ते हप्ते वेळेवर येतात असं मात्र कोणी तुम्हाला शपथेवर सांगणार नाही. पहिले चार-सहा महिने घरातून काढायची तयारी ठेवा.

खासगी कॉलेजातही राज्याच्या प्रक्रियेतून गेलं तर आरक्षण आहे. आडगावचं मराठा विद्या प्रसारक समाजाचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे, घोटीजवळ धामणगावला एस.एम.बी.टी. आहे. दोन्ही आरोग्य विद्यापीठाशी जोडलेली, आणि त्यांची फी संस्था मनाला येईल तशी ठरवत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिथली जागा मिळाल्यास कोणती रक्कम सरकार भरेल आणि कोणती तुम्हाला भरावी लागेल, हे नाशिकच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी विचारा. कॉलेजच्या काउंटरवरचं तोंडी उत्तर धरू नका.

आता ज्याच्यावर सगळं अडतं तो कागद : जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला तुमच्याकडे असेलच, तो प्रांत अधिकाऱ्याचा. वैधता वेगळी, ती अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. २००० सालच्या कायद्यानुसार ही तपासणी होते आणि तिच्याशिवाय राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मला काळजी वाटली. घरात कोणाची वैधता झाली असेल तर मुलीचं काम सोपं होतं, पण ती व्यक्ती वडिलांकडची लागते. वडील, सख्खे काका, चुलत भाऊ, आत्या चालतील. मामाची वैधता कितीही पक्की असली तरी इथे उपयोगाची नाही. तेव्हा थोरल्या काकांशी भांडण फार वाढवू नका, त्यांचे कागद लागणार आहेत.

कागद काढताना पणजोबा-आजोबांची शाळेची किंवा महसुलातली जुनी नोंद शोधा. अनुसूचित जमातींची यादी ज्या आदेशाने आली तो १९५० चा, म्हणून त्याआधीच्या नोंदीला वजन असतं. ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ हे तिन्ही शब्द यादीत एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे एका कागदावर कोकणा आणि दुसऱ्यावर कोकणी असलं म्हणून घाबरू नका. पण कुठे नुसतंच ‘हिंदू कुणबी’ किंवा दुसरंच काही लिहिलेलं निघालं तर आत्ताच वकिलाला किंवा जाणत्या कार्यकर्त्याला दाखवा. प्रवेशाच्या आदल्या रात्री नको.

रुग्णालय निवडा म्हणालो, मग कोणतं? माझा कल सांगतो, हुकूम नव्हे.

आधी एक जुनी भीती काढून टाका. पूर्वी ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता. मराठवाड्याच्या कॉलेजात मराठवाड्याची मुलं जास्त, विदर्भात विदर्भाची. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तो रद्द झाला. त्यामुळे पेठच्या मुलीला नागपूर आणि पुणे सारखंच खुलं.

पसंतीक्रमात सर्वात वर मुंबईची मोठी कॉलेजं आणि पुण्याचं बी. जे. लिहा, मिळण्याची आशा असो वा नसो. वर लिहिल्याने काही दंड होत नाही आणि खालची जागाही जात नाही. ‘आपल्याला कुठं मिळणार’ म्हणून चांगलं कॉलेज यादीतूनच गाळणारी माणसं मी दर वर्षी बघतो, आणि दर वर्षी आपल्याच गुणांच्या शेजाऱ्याला ते मिळालेलं बघून हळहळतात.

त्याखाली संभाजीनगर, मिरज, धुळे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाअखेरीपासूनचं, म्हणजे तिथून शिकून गेलेल्यांच्या कितीतरी तुकड्या आहेत. याचा उपयोग काय? जुन्या कॉलेजात पदव्युत्तर शिकणारे निवासी डॉक्टर असतात. प्राध्यापक दिवसा तासभर शिकवतो, रात्री दोन वाजता अपघात विभागात शिकवतो तो निवासी. शिवाय सीनियरच्या वह्या, परीक्षेचे कानमंत्र, जुनी पुस्तकं, ही सगळी मिरासदारी जुन्या कॉलेजात फुकट मिळते. आणि भाऊसाहेब हिरे मालेगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, एवढ्याने तरी धुळं परकं वाटू नये.

नाशकातलं नवं सरकारी कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालं, त्या वर्षी राज्यात एकदम दहा निघाली त्यांतलं एक. याचा मोह मला कळतो. सावळ घाटातून ॲम्ब्युलन्सने पेठचा पेशंट नाशकाला जातो, आणि तिथं त्याची बोली समजणारी मुलगी उभी असेल तर केवढी सोय! नंदुरबारचं २०२० चं कॉलेजही त्या दृष्टीने तुमच्या मुलीच्या जवळचं. तिथले आजार तेच : सिकलसेल, कुपोषण, पावसाळ्यातला सर्पदंश. पण नव्या कॉलेजात शिकवणाऱ्यांची पदं भरलेली आहेत का, शरीरशास्त्राला पुरेसे शिक्षक आहेत का, हे विचारल्याशिवाय ते धुळ्याच्या वर लिहू नका. पाच वर्षांनी तिथली स्थिती पालटलेली असेल, पण तुमची भाची यंदाची आहे.

त्याखाली आडगाव आणि घोटी, प्रकल्प कार्यालयाच्या लेखी उत्तरानंतर.

सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान यादीत कुठे बसतं ते तिचं तिला ठरवू द्या. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ते काढलं. पहिल्या वर्षीच मुलांना गावात नेऊन ठेवतात, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पेठच्या मुलीला गाव दाखवायची गरज नाही, हे खरं. पण जिथं गावाकडून येणं ही कमीपणाची गोष्ट मानत नाहीत अशा ठिकाणी पहिलं वर्ष काढण्यात एक सुख आहे.

सरकारी कॉलेज म्हटलं की बाँडची भीती घालणारेही भेटतील. एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाही केली तर दहा लाख दंड. नाशकातल्या डॉक्टरांच्या मुलांना हा बाँड पायातली बेडी वाटतो. तुमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी नसला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक वर्ष पगारावर, आपल्याच माणसांत, जवळच्या केंद्रावर मिळालं तर त्याला शिक्षा कोण म्हणेल? ते वर्ष माणसाला घडवतं. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरच्या सरकारी कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाले आणि कोकणात विंचूदंशाचे पेशंट बघता बघता प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. लॅन्सेटने ते छापलं. त्यांच्यापुढे खाटेवर विंचू चावलेली माणसं होती, म्हणून ते झालं.

परदेशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नीटचा निकाल लागला की पेठच्या स्टँडवरसुद्धा परदेशातल्या एम.बी.बी.एस.च्या जाहिराती लागतात, म्हणून दोन ओळी. आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत बारा महिने इंटर्नशिप, परत आल्यावर इथे परीक्षा आणि पुन्हा बारा महिने इंटर्नशिप. राज्यात सरकारी जागा मिळण्यासारखी असलेल्या मुलीला तिकडे पाठवणं म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागवणं.

मराठी माध्यमाचं काय? झेपेल. पण पहिलं वर्ष अवघड जाईल, हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती पहिल्या अंतर्गत परीक्षेत मागे पडली तर घाबरून गावी पळून येणार नाही. नीट मराठीतून देता येते, एम.बी.बी.एस.ची पुस्तकं इंग्रजी. शरीरशास्त्राचा चौरसिया उघडला की पहिल्या पानावरच निम्मे शब्द लॅटिन. गंमत अशी की ते शब्द इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही येत नसतात, त्यांना फक्त न घाबरता वाचायची सवय असते. पहिल्या वर्षाला चार संधी आणि पूर्ण अभ्यासक्रमाला नऊ वर्षं अशी मर्यादा आयोगाने घातली आहे, तेव्हा वेळ आहे, वाया घालवण्याइतका नाही. प्रवेश झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या दिवसांत तिला रोज इंग्रजीतली दोन पानं मोठ्याने वाचायला लावा, विषय काहीही असो. आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डात पाय ठेवला की पारडं फिरेल. ‘मुरडा पडतो’, ‘अंगात कसकस आहे’, ‘पोटात गोळा येतो’ यांचा अर्थ मुंबईच्या मुलांना निवासी डॉक्टरकडून शिकावा लागेल, तिला लागणार नाही. इतिहास घेणं, म्हणजे पेशंटला बोलतं करणं, हे निम्मं निदान असतं, आणि त्यात ती पहिल्या दिवसापासून पुढे असेल.

फॉर्म भरून देणाऱ्या पोराला एक गोष्ट मात्र नक्की विचारा, कारण यात दर वर्षी कोणा ना कोणाची जागा जाते. समजा पहिल्या फेरीत धुळं मिळालं आणि तिने प्रवेश घेतला. आता तिला तिथंच राहायचं असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो भरला नाही तर ती पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी आपोआप धरली जाते, आणि वरचं एखादं कॉलेज लागलं की धुळ्याची जागा रद्द होते, मग परत मिळत नाही. म्हणून यादीत धुळ्याच्या वर असं एकही नाव नको, जे लागलं तर तुम्ही डोक्याला हात लावाल. यादी काकांसमोर आणि भाचीसमोर बसून, कागदावर हाताने लिहून मगच संगणकावर चढवा. पासवर्ड मुलीच्या वहीत राहू दे, सायबर कॅफेवाल्याच्या नको. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर घरातला असावा आणि प्रवेशाचे दोन महिने त्यात रिचार्ज असावा. पेठला रेंज गेली की दिवसभर जाते, तेव्हा फेरीच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीच तिला नाशकाला नातेवाइकांकडे पाठवून द्या.